ग्लासगोची जागतिक विज्ञानकथा परिषद आणि वाचकाचे सभासदत्व

माळवी पाऊस (इंदूर)

ऑगस्ट २०२४ मध्ये मी मुलीकडे एडिनबरोला होते आणि त्याच सुमारास शेजारच्या ग्लासगो शहरात ८२वी जागतिक विज्ञानकथा परिषद, म्हणजे सगळे जिला वर्ल्डकॉन म्हणतात ती, भरली होती. परिषद ८ ते १२ ऑगस्ट अशी पाच दिवसांची असली तरी माझ्या वाट्याला त्यांतले शनिवार आणि रविवारच आले. एडिनबरोहून ग्लासगोला रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते. मी मराठीत विज्ञानकथा लिहिते, त्या बहुधा दिवाळी अंकांतून छापून येतात आणि त्यांच्याविषयी कोणाशी बोलावे हा प्रश्न मला कायम पडतो. म्हणून या प्रवासाविषयी सविस्तर लिहीत आहे.

परिषदेची जागा क्लाइड नदीच्या उत्तर काठावर, बुजवलेल्या जुन्या गोदीवर उभ्या असलेल्या प्रदर्शन केंद्रात होती. जवळच फिनिस्टनची प्रचंड क्रेन अजून उभी आहे. ग्लासगोत बनलेली वाफेची इंजिने परदेशी पाठवण्यासाठी याच क्रेनने जहाजांवर चढवली जात. ज्या शहराने यंत्रयुग आपल्या हातांनी घडवले, त्या शहरात भविष्यातल्या यंत्रांविषयी लोक इतक्या गंभीरपणे बोलत आहेत, हे मला फार उचित वाटले. ग्लासगोने ही परिषद याआधी १९९५ आणि २००५ मध्येही भरवली होती, त्यामुळे जुन्या परिषदांच्या आठवणी सांगणारी मंडळी ठिकठिकाणी भेटत होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या परिषदेला प्रेक्षक नसतात, सभासद असतात. दारावर तिकीट तपासणारा, चर्चासत्रात वेळ संपल्याची पाटी दाखवणारा, चित्रप्रदर्शनातल्या चौकटी लावणारा आणि व्हीलचेअरवरच्या सभासदाला उद्वाहनापर्यंत नेणारा, हे सगळे स्वयंसेवक होते आणि त्यांनी स्वतःही सभासदत्वाचे पैसे भरलेले होते. इतका मोठा पसारा कोणत्याही पगारी व्यवस्थापनाशिवाय, दर वर्षी वेगळ्या शहरात, वेगळ्या समितीच्या हातून उभा राहतो. कोणते शहर ते दोन वर्षे आधी सभासदच मतदानाने ठरवतात. व्यासपीठ नावाची उंच जागा बहुतेक दालनांत नव्हती. लेखक, अभ्यासक आणि निव्वळ वाचक एकाच लांब टेबलामागे बसत, दीपप्रज्वलन आणि सत्कार यांत वेळ जात नसे, ठरलेल्या मिनिटाला विषयाला हात घातला जाई आणि ठरलेल्या मिनिटाला दालन पुढच्या सत्रासाठी रिकामे होई. प्रत्येक वक्त्याने ध्वनिवर्धक वापरलाच पाहिजे असा दंडक होता, कारण ज्याला कमी ऐकू येते त्याने तसे सांगण्याची वेळ येऊ नये. आपल्याकडच्या किती सभांत मागच्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी काहीही न ऐकता केवळ प्रेमापोटी बसून राहतात, हे मला तेथे प्रकर्षाने जाणवले.

विज्ञानकथांसाठी दिले जाणारे ह्यूगो पुरस्कार हे या परिषदेचे हृदय आहे. १९५३ साली फिलाडेल्फियाच्या परिषदेत ते प्रथम दिले गेले आणि १९५५पासून अखंड चालू आहेत. निवड करणारे परीक्षक मंडळ नाही. प्रत्येक सभासद प्रत्येक विभागात जास्तीत जास्त पाच कृती सुचवतो, त्यांतून सहा अंतिम फेरीत जातात आणि मग आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत असते तसे पसंतिक्रमाने मतदान होते. मतपत्रिकेवर ‘पुरस्कार नाही’ असाही एक पर्याय असतो आणि तो जिंकला तर त्या वर्षी त्या विभागात पुरस्कार खरोखरच दिला जात नाही. सुचवण्याचा हक्क मिळावा म्हणून मी जानेवारीतच सभासद झाले होते. रविवारी संध्याकाळी सोहळ्यात बसले असताना, समोर जाहीर होणाऱ्या निकालात माझ्याही मताचा वाटा आहे ही जाणीव मला मराठी साहित्यव्यवहारात आजवर कधी मिळाली नव्हती.

ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. आदल्या वर्षी चीनमधल्या चंगदू शहरात भरलेल्या परिषदेची मतांची आकडेवारी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा काही लेखक आणि कृती कोणतेही पटण्याजोगे कारण न देता अपात्र ठरवल्या गेल्याचे उघड झाले आणि वाचकवर्गात मोठा क्षोभ उसळला. ग्लासगोच्या समितीला मतदानानंतर ३७७ मते संशयास्पद आढळली. ती एकूण मतांच्या सुमारे एक दशांश होती आणि एका विशिष्ट कृतीच्या बाजूने टाकलेली दिसत होती. समितीने ती बाद केली आणि निकाल लागण्यापूर्वीच, जुलैमध्ये, जाहीर निवेदन काढून सगळी हकिगत सांगितली. सभासदांची कामकाज-सभाही मी एका सकाळी पाहिली. तेथे नियमांतल्या एकेका शब्दावर लोक तळमळीने भांडत होते. परिषदेच्या घटनेतली कोणतीही दुरुस्ती लागोपाठच्या दोन परिषदांत संमत व्हावी लागते, त्यामुळे एका शहरातल्या बहुमताला एका झटक्यात काही बदलता येत नाही. कंटाळवाणे वाटणारे हे काम मला सोहळ्याइतकेच मोलाचे वाटले.

भाषांतरावरच्या चर्चासत्रात मी सर्वांत जास्त रमले. २०१५ साली मूळ चिनी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला ह्यूगो मिळाला. भाषांतरित कादंबरीचा तो पहिलाच मान होता. त्या एका घटनेने इंग्रजीबाहेरच्या विज्ञानकथेकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे अनेकांनी सांगितले. नियमांप्रमाणे कोणत्याही भाषेतली कृती या पुरस्काराला पात्र असते आणि इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला की त्या वर्षी तिला आणखी एक संधी मिळते. म्हणजे यंदाच्या दिवाळी अंकातली मराठी कथा कागदोपत्री आजही पात्र आहे. अडचण एवढीच की ती वाचू शकणारा मतदार तेथे नाही. चहाच्या वेळी एका बाईंनी मला तुमच्या भाषेत कोण लिहिते असे विचारले, तेव्हा मी त्यांना १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवणाऱ्या जयंत नारळीकरांविषयी सांगितले. त्यांनी लगेच विचारले, “मग त्यांच्या कथांविषयी बोलायला तुमचे वाचक कोठे जमतात?” या प्रश्नाला माझ्याकडे देण्यासारखे उत्तर नव्हते.

इंदूरने मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये भरवलेले आहे, शहरात महाराष्ट्र साहित्य सभेचा शारदोत्सव होतो आणि वाचणारी घरे अजून पुष्कळ आहेत. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की इंदुरात मराठी विज्ञानकथेची एक दिवसाची बैठक भरवावी, तिचे सगळे सभासद सारखेच शुल्क भरणारे असावेत, लेखकालाही त्यातून सूट नसावी आणि गेल्या दिवाळीतली सर्वांत चांगली विज्ञानकथा कोणती हे त्या सभासदांनी पसंतिक्रमाने ठरवावे. आपली मते मोकळेपणाने लिहावीत, ही विनंती.

मुठेकाठी (पुणे)

ताई, वृत्तान्त अतिशय आवडला. विशेषतः कामकाज-सभेविषयी मराठीत कोणी लिहिलेले मी प्रथमच वाचले. तरीही प्रस्तावाविषयी दोन शंका मांडतो. पहिली शुल्काविषयी आहे. मराठी वाचकाला साहित्यिक कार्यक्रम विनामूल्य असण्याची सवय आहे आणि पुस्तकावर खर्च करणारा माणूसही भाषणासाठी पैसे द्यायला तयार होत नाही. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे मतदान होत होते. त्यात गटबाजी आणि प्रचार इतका वाढला की अनेक मोठे साहित्यिक त्या वाटेला जाईनासे झाले आणि शेवटी संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने २०१८ साली घटना बदलून निवडणूकच रद्द केली. त्यानंतर यवतमाळच्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवड सन्मानाने झाली आणि त्या निर्णयाचे सर्वत्र स्वागत झाले. जी गोष्ट आपण विचारपूर्वक सोडून दिली, ती परत का आणावी?

सयाजीपुरा (वडोदरा)

मुठेकाठी यांचा मुद्दा महत्त्वाचा असला तरी दोन मतदानांत भेद आहे असे मला वाटते. संमेलनाची निवडणूक व्यक्तीसाठी होती आणि मतदार होते संस्थांनी नेमलेले प्रतिनिधी. येथे मत कथेला द्यायचे आहे आणि मतदार होण्यासाठी कोणत्याही संस्थेची शिफारस लागणार नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. मतदान करायचे तर सर्वांनी त्या कथा वाचलेल्या असल्या पाहिजेत आणि बृहन्महाराष्ट्रात दिवाळी अंक मिळवणे हेच मोठे काम आहे. आमच्या वडोद्यात महाराष्ट्रातून येणारे अंक मोजकेच असतात आणि विज्ञानकथेसाठी ओळखले जाणारे ‘नवल’ किंवा ‘धनंजय’ हवे असले तर आधी सांगून ठेवावे लागते. यावर एक जुना उपाय आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला सुरुवात केली. त्यात फिरती ग्रंथालये होती आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात. आपणही दिवाळीनंतर अंकांच्या दोन-तीन पेट्या तयार करून इंदूर, वडोदरा आणि ग्वाल्हेर येथे फिरवू शकतो. प्रत्येक गावी पेटी महिनाभर राहील आणि मग पुढे जाईल. एका पेटीची जबाबदारी मी आनंदाने घेतो. वाचनाची सोय झाली तरच सभासदत्वाला अर्थ येईल, एरवी लोक ओळखीच्या नावाला मत देतील.

किरणपुंज (इंदूर)

मी येथील राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून निवृत्त झालो. विज्ञानकथा वाचतो, पण बहुतेक मराठी कथांत प्रयोगशाळा म्हणजे काचेची भांडी, चमकणारे दिवे आणि एकटाच काम करणारा विक्षिप्त शास्त्रज्ञ एवढेच असते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या शहरात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहेत. इंडस-२च्या १७२ मीटरांहून अधिक परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात. चुंबक त्यांची वाट वळवतात आणि वळताना ते जी प्रखर किरणे बाहेर टाकतात त्यांच्या साहाय्याने प्रथिनांची रचना, धातूंचे दोष, पातळ थरांची जडणघडण अशा अनेक गोष्टी तपासल्या जातात. ही किरणे वापरण्यासाठी देशभरातून संशोधक येतात आणि त्यांना यंत्रावरची वेळ आधी मागून घ्यावी लागते. रात्री तीन वाजता, मिळालेल्या वेळेतले शेवटचे तास उरलेले असताना, नमुना खराब निघाला तर त्या संशोधकाची जी अवस्था होते, तिच्यात एका चांगल्या कथेचे सगळे द्रव्य आहे. ते अजून कोणी वापरलेले मी पाहिलेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी की या बैठकीतला निदान एक तास लेखकांनी बोलू नये, फक्त प्रश्न विचारावेत. माझ्यासारखे निवृत्त सहकारी, महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि जमले तर सिमरोलच्या आयआयटीतले तरुण संशोधक उत्तरे देतील. ताई, ग्लासगोत शास्त्रज्ञ होते का आणि त्यांना कसे सामावून घेतले होते, हे जाणून घ्यायला आवडेल.

जीवाजीगंज (ग्वाल्हेर)

ताई, तुमचा लेख मी आईला वाचून दाखवला. ग्वाल्हेरला १९६१ साली संमेलन झाले आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने प्रथमच एका स्त्रीला अध्यक्षपद मिळाले, ही गोष्ट आमच्या घरात आजही अभिमानाने सांगितली जाते. माझे म्हणणे मुलांविषयी आहे. हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी आमची मुले मराठी बोलतात, पण वाचत नाहीत आणि त्यांना मराठीकडे आणण्यासाठी विज्ञानकथेसारखे दुसरे साधन मला दिसत नाही. मराठी मुलांना परदेशी विज्ञानकथांची गोडी ज्यांनी लावली ते भा. रा. भागवत मूळचे इंदूरचेच, त्यांचा जन्म १९१० साली तेथे झाला. त्यांच्या गावी भरणाऱ्या बैठकीत मुलांसाठी जागा नसेल तर ती अपुरी राहील. मुलांना सभासद करून घेता येईल का आणि त्यांचे मत मोठ्यांच्या मताइतकेच धरले जाईल का, हे कृपया सांगावे. ज्यांना प्रवास जमणार नाही त्यांच्यासाठी काही सोय असावी, हीही विनंती.

माळवी पाऊस (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे एकत्रच देते.

मुठेकाठी, शुल्काविषयी मला अजिबात शंका वाटत नाही, कारण याचे उत्तर इंदूरने आधीच दिलेले आहे. येथील सानंद न्यास महाराष्ट्रातून नाटके आणतो आणि ती पाहण्यासाठी हजारो मराठी माणसे वार्षिक सभासदत्व घेतात. एकाच नाटकाचे लागोपाठ अनेक प्रयोग वेगवेगळ्या सभासद-गटांसाठी लावावे लागतात. पैसे भरलेला सभासद नाटक पाहतो आणि त्यावर हक्काने बोलतो, हे मी जवळून पाहिले आहे. नाटकासाठी जे घडते ते कथेसाठी घडणार नाही असे मानण्याचे मला कारण दिसत नाही. गटबाजीची भीती मात्र खरी आहे. सयाजीपुरा यांनी सांगितलेला भेद मला पटतो, तरी तेवढ्याने भागणार नाही. मत टाकणाऱ्यांची संख्या, प्रत्येक फेरीतले आकडे आणि बाद झालेली मते, सर्व त्याच दिवशी भिंतीवर लावावे असे मी सुचवते. ह्यूगोचे सविस्तर आकडे दर वर्षी प्रसिद्ध होतात. चंगदूच्या आकड्यांतली विसंगती वाचकांना सापडली तीही ते आकडे जाहीर करणे बंधनकारक होते म्हणूनच.

संख्येची काळजीही करू नये. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिली जागतिक परिषद भरली तेव्हा सुमारे दोनशे माणसे होती. त्याच्याही आधी, जानेवारी १९३७ मध्ये, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात थिऑसॉफिकल सभागृहात विज्ञानकथाप्रेमींची जी बैठक झाली तिला वीस माणसेसुद्धा नव्हती. त्यांत पुढे नामवंत विज्ञानकथाकार झालेला एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता. इंदुरात आपण तीस जण जमलो तरी त्यांच्यापेक्षा जास्तच असू.

किरणपुंज काका, ग्लासगोत शास्त्रज्ञ होते आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी वेगळी सत्रे होती. मला जास्त आवडला तो छोट्या टेबलाचा प्रकार. एका टेबलाभोवती एक पाहुणा आणि आठ-दहा सभासद बसतात, नावे आधी नोंदवलेली असतात आणि तासभर गप्पा होतात. भाषण करायचे नाही एवढा एकच संकेत असतो. अशा टेबलावर तुम्ही बसलात आणि त्या रात्री तीनच्या नमुन्याची गोष्ट सांगितलीत, तर पुढच्या दिवाळीत निदान दोन कथा त्यातून येतील आणि त्यांतली एक मी लिहीन. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तुमच्या केंद्रात विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा दाखवतात, त्यामुळे बैठक फेब्रुवारीच्या शेवटी ठेवता आली तर मुलांच्या डोक्यात विषय ताजा असेल.

जीवाजीगंज, मुलांना सभासदत्व द्यावे, शुल्क निम्मे असावे आणि मत पूर्ण असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवास न जमणाऱ्यांसाठी ग्लासगोत ऑनलाइन सहभागाची सोय होती. आपण निदान मतदान आणि निकालाचे सत्र तसे ठेवू.

मुठेकाठी (पुणे)

सानंदचे उदाहरण मला ठाऊक नव्हते आणि ते वजनदार आहे. शुल्काविषयीची शंका मी मागे घेतो. मतदानाविषयी मात्र एक अट घालतो आणि ती तुमच्याच लेखातून सुचली आहे. १९७४ साली नारळीकरांनी कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि आपले अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. तिला पहिले बक्षीस मिळाले आणि ते कथेलाच मिळाले याविषयी कोणाला शंका घ्यायला जागा राहिली नाही. आपणही सभासदांना कथा लेखकाच्या नावाशिवाय द्याव्यात. छापील अंकांत नाव असणारच, त्यामुळे निवडक कथांच्या नावाविना प्रती काढाव्या लागतील आणि त्यासाठी लेखक व संपादक यांची लेखी परवानगी घ्यावी लागेल. पुण्या-मुंबईतल्या संपादकांशी बोलण्याचे काम माझ्याकडे द्यावे.

सयाजीपुरा (वडोदरा)

मग पेट्यांत अंकांबरोबर या प्रतींचा एक गठ्ठाही ठेवता येईल. ज्यांना पूर्ण अंक वाचायला वेळ नाही ते निदान निवडक कथा वाचून मत देतील. मात्र पहिली निवड कोण करणार हे ठरले पाहिजे.

माळवी पाऊस (इंदूर)

पहिली निवडही सभासदांनीच करावी. प्रत्येकाने जास्तीत जास्त पाच कथा सुचवायच्या, सर्वाधिक वेळा सुचवलेल्या सहा कथांच्या नावाविना प्रती काढायच्या आणि मतदान फक्त त्या सहांवर घ्यायचे. ‘पुरस्कार नाही’ हा पर्याय मतपत्रिकेवर असावा असा माझा आग्रह आहे, कारण सर्वसामान्य कथेला केवळ स्पर्धा होती म्हणून गौरवणे हा चांगल्या लेखकांवर अन्याय आहे. ज्यांची कथा पहिल्या सहांत येईल त्यांनी मतमोजणीत भाग घेऊ नये आणि मी स्वतः लिहीत असल्यामुळे मतमोजणीचे काम किरणपुंज काकांनी पाहावे अशी विनंती करते. जागेसाठी अहिल्या ग्रंथालयाच्या आवारातल्या प्रीतमलाल दुआ सभागृहाची या आठवड्यात चौकशी करून येथे कळवते.

किरणपुंज (इंदूर)

मतमोजणी मान्य आहे. पसंतिक्रमाची मोजणी कशी करतात हे मी एका पानावर उदाहरणासह लिहून पुढच्या रविवारपर्यंत येथे देतो, म्हणजे मत टाकण्याआधीच प्रत्येकाला ती तपासून पाहता येईल. जीवाजीगंज यांनी आपल्या घरातल्या मुलांकडून ते पान वाचून घ्यावे आणि त्यांना न समजलेला प्रत्येक शब्द मला कळवावा.